चौदा नंबरची प्लेट

शमीम आपांनी पहिल्याच दिवशी मला माझ्या दाताचं किटण काढायला लावलं. अकोल्याच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मी नव्यानं रुजू झाले होते आणि आपा तिथल्या सर्वांत जुन्या टेक्निशियन. "कुठली वं तू?" एवढंच त्यांनी विचारलं. मी "वलगावची" म्हटलं, तर त्यांनी दात कोरायची काडी माझ्या हातात दिली.

"मागच्या दाढंचं काढ. लाजू नको."

काचेच्या पट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात ते किटण, वरून पातळ काच. पट्टी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला डोळा लावायला सांगितला. आधी नुसता उजेड दिसला. मग आपांनी चाक जरासं फिरवलं आणि तो उजेड हलायला लागला. बारीक काड्या, ठिपके, स्प्रिंगसारखे पीळ असलेले दोरे, सगळे धावत होते, एकमेकांना धडकत होते. एक लांबट जीव मधूनच सरळ आरपार गेला, त्याला कुठं तरी पोचायची घाई असावी तसा. मी डोळा बाजूला घेतला.

"हे जिवंत आहेत?"

"मंग काय! आता तू बोलून राहिली न, तवा बी ते तिथी फिरूनच राहिले."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आपांनी आल्याआल्या विचारलं, "जेवली होती का काल?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. "चांगलं झालं. ज्याले पयल्या दिवशी भेव वाटत नाही, त्याच्यापासून मले भेव वाटते."

आपा तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. अंगानं बारीक, उंचीनं इतक्या कमी की इन्क्युबेटरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या त्या उबदार कपाटाच्या वरच्या फळीला हात पोचवायला त्यांना लाकडी पाटावर उभं राहावं लागे. ओढणी ॲप्रनच्या आत खोचून दोन्ही खांद्यांवर पिना मारलेली. कपाटाचं दार उघडताना त्या हळूच 'बिस्मिल्ला' म्हणत आणि क्षणभर श्वास रोखत. घरी त्यांची भाषा उर्दू, आमच्याशी अस्सल वऱ्हाडी, आणि डॉक्टर आत आले की एकदम इस्त्री केलेली पुस्तकी मराठी. "सर, नमुन्यात वाढ आढळली आहे," असं त्या म्हणाल्या की मला हसू यायचं, कारण पाचच मिनिटांपूर्वी त्याच प्लेटकडे बघून त्या "बाप्पा, हा त लयच माजला" म्हणालेल्या असत.

जंतूंना त्या जंतू म्हणत नसत. 'लोक' म्हणत. "आज लोक लय आले." "हे लोक गरीब होय, यायच्यापासून काई धोका नाही." एक जात होती, ती प्लेटवर एका जागी न राहता एका दिवसात सगळीकडे लाटा सोडत पसरायची. तिला आपा अकोल्याच्या नदीवरून 'मोर्णेचा पूर' म्हणत. दुसरी हिरवट रंग सोडायची आणि तिला पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास यायचा. आपा झाकण किलकिलं करून नुसत्या वासावर तिला ओळखत. हे नियमाच्या बाहेरचं होतं. मी एकदा त्यांचं बघून प्लेट नाकाजवळ नेली तर त्यांनी माझ्या मनगटावर जोरात चापट मारली.

"तुमी त घेता वास!"

"माझ्या अक्कलदाढा पडल्या. तुले घरी लहान लेकरू हाये."

त्यांना भीती नव्हती असं नव्हे. त्यांची भीती फार जवळून पाहिलेल्या माणसाची होती. गारुडी सापाला घाबरतो, तशी. एकदा त्यांनी मला आमच्या वलगावच्या शेतातली मूठभर काळी माती आणायला सांगितली. वडिलांनी गंमत म्हणून चांगली किलोभर बांधून दिली. आपांनी त्यातली चिमूटभर पाण्यात घातली आणि ते पाणी दहा मिनिटं खळखळ उकळलं. त्याचा थेंब प्लेटवर सोडला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर कोरडे, चुरगळल्यासारखे पांढरे ठिपके उगवले होते.

"उकळलं होतं न आपण?" मी विचारलं.

"उकळलं. पण यायनं आधीच दारं लावून घेतली होती. असे काही लोक असतात वैशाली, की अडचण दिसली का स्वतःभोवती कवच करून निजून जातात. खात नाही, पीत नाही, वर्सं निघून जातात. पाणी भेटलं, ऊब भेटली का उठतात." मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुह्ये बाबा वावरात चप्पल घालतात का?"

"नाही."

"धनुर्वाताचे लोक बी याच जातीचे. इंजेक्शन घेतलं का त्यायनं?"

मला ठाऊक नव्हतं. आपांनी तिथल्या तिथं फोन लावायला लावला. बाबा पलीकडून ओरडत होते, "काहून? काय झालं? तुले काई लागलं काय?" त्यांना काही केल्या कळेना की लेक प्रयोगशाळेतून आपल्या इंजेक्शनची चौकशी काय करते. शेवटी आपांनी फोन ओढून घेतला. "भाऊ, मी वैशालीची आपा बोलून राहिली. आजच्या आज गावातल्या दवाखान्यात जा. माझी शपथ होय." बाबा गेले. आणि पुढं कितीतरी दिवस मी गावी गेले की अंगणात पाय टाकताना खाली बघायचे.

मे महिना होता. अकोल्याचा मे म्हणजे दुपारी कावळाही बोलत नाही. नवजात बाळांच्या वॉर्डात तेव्हा नऊ लेकरं होती, बहुतेक दिवस भरायच्या आत जन्मलेली. मी शनिवार-रविवार वलगावला जाऊन सोमवारी आले तर एक बाळ गेल्याचं कळलं. चार दिवसांचा मुलगा. त्याचं रक्त आमच्याकडे आलेलं होतं आणि त्यातला जंतू प्लेटवर वाढला होता, गुलाबी, ओलसर, सुई लावली की पाकासारखी तार धरणारा. आपांनी त्यावर औषधांची तपासणी लावली. यात जंतू पसरलेल्या प्लेटवर निरनिराळ्या औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असलं की चकतीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल रिंगण दिसतं. त्या रिंगणावरून डॉक्टर औषध ठरवतात.

मंगळवारी सकाळी आपांनी ती प्लेट काढली आणि खिडकीशी नेली. मग स्टुलावर बसल्या. मी मागून डोकावले. बारा चकत्या होत्या. एकीभोवतीही रिंगण नव्हतं. गुलाबी साय चकत्यांच्या काठाला येऊन टेकली होती.

"चकत्या जुन्या असतील," मी म्हटलं.

"काल उघडल्या." आपांनी प्लेट खाली ठेवली. "दुसऱ्या लेकराचं रक्त कवा आलं?"

दुसरं बाळ पहिल्याच्या शेजारच्या पाळण्यातलं, रविवारपासून आजारी. त्याची बाटलीही वाजली होती. रक्ताच्या या बाटल्या एका मशीनमध्ये ठेवतात, आत काही वाढू लागलं की मशीन वाजतं. बुधवारी त्याचीही प्लेट तशीच निघाली. दुपारी ते बाळ गेलं.

आपा प्रमुख डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर वाईट नव्हते, घाबरलेले होते. खाली फाटकाशी दोन्ही घरचे नातेवाईक जमले होते, कुणीतरी मोबाइलवर सगळं चित्रित करत होतं.

"दोन वेगळी कारणंही असू शकतात," डॉक्टर म्हणाले.

"नाही सर. दोन्ही बाळांत एकच जंतू आहे. औषधांना दाद न देण्याची रीत हुबेहूब एक आहे. तो वॉर्डात कुठेतरी राहतो आहे." आणि मग आपांची इस्त्री मोडली. "सर, तो कुठी बसला हे शोधल्याबिगर सात लेकरं तिथी ठेवता येत नाही."

लेकरं दुसऱ्या हॉलमध्ये हलवली. त्याच संध्याकाळी आम्ही दोघी कापसाचे बोळे लावलेल्या काड्या घेऊन रिकाम्या वॉर्डात शिरलो. नळ, सिंक, पाळण्यांच्या कडा, ऑक्सिजनच्या बाटल्यांतलं पाणी, साबणाची बाटली, दाराच्या मुठी, टेलिफोन. त्यानंतर माणसांचे हात. डॉक्टर, सिस्टर, सफाईच्या मावशी, आणि आम्हीसुद्धा, कारण रक्ताच्या बाटल्या न्यायला मी वॉर्डात जात असे. आपांनी सव्वीस नमुन्यांवर नुसते आकडे घातले. कोणता आकडा कुणाचा ते त्यांच्या एका छोट्या वहीत होतं आणि ती वही त्यांच्या पर्समध्ये.

त्या रिकाम्या वॉर्डाएवढी शांत जागा मी पाहिली नव्हती. सगळं लख्ख पुसलेलं, फिनाइलचा वास, पाळण्यांवर इस्त्रीच्या चादरी. नऊ पाळणे आणि त्यांत कोणी नाही. मला दातातल्या त्या थेंबाची आठवण झाली आणि मी हात ॲप्रनच्या खिशात घातले. मग वाटलं, खिशात तरी काय आहे कुणास ठाऊक, म्हणून परत बाहेर काढले.

शुक्रवारी सकाळी प्लेटा टेबलावर मांडल्या. सिंकच्या जाळीतला नमुना उगवला होता, गुलाबी, तार धरणारा. आपांनी सुटकेचा श्वास टाकला. सापडला होता. मी पुढच्या प्लेटा बघत गेले. त्वचेवरच्या साध्या, गरीब लोकांचे पांढरे ठिपके सगळीकडे होते. चौदा नंबरच्या प्लेटवर मात्र कडेला चार गुलाबी थेंब होते.

"आपा, चौदा."

त्या आल्या. बघितलं. पर्समधली वही काढून एक पान पाहिलं आणि मिटली. मग चौदा नंबरची प्लेट उचलली, निर्जंतुक करायच्या वाफेच्या भांड्यात ठेवली आणि झाकण घट्ट केलं. तपासणीच्या रजिस्टरमध्ये चौदासमोर त्यांनी लिहिलं, 'वाढ नाही.'

"आपा, त्याच्यावर होतं. मी पाहिलं."

"काई नव्हतं."

"चार थेंब होते."

"तू काई पाहिलं नाही, वैशाली." एवढ्या वर्षांत एक आकडा इकडचा तिकडं न केलेली बाई. त्यांनी रजिस्टर मिटलं.

अहवालात सिंक गेलं. सिंकखालचा वाकडा पाइप उघडला तर आत बोटभर जाड काळा बुळबुळीत थर निघाला. ते त्या गुलाबी लोकांचं गाव होतं. वरून फिनाइल पडायचं, खाली ते आपल्या थरात सुरक्षित. नळ सोडला की त्यातले काही शिंतोड्यांसोबत वर यायचे, हात धुणाऱ्याच्या हातावर. सिंक काढून टाकलं. अहवालात आपांनी आणखी एक ओळ घातली होती, वॉर्डातल्या सर्वांनी अंगठ्या-बांगड्या काढूनच आत जावं.

पण माझ्या डोक्यातून चौदा जात नव्हता. चौदा कोण? माझा आकडा मला ठाऊक नव्हता. आपांनी माझ्यासाठी खोटं लिहिलं असेल, तर? मी घरी माझ्या दोन वर्षांच्या मुलाला उचलायचं बंद केलं. त्याला सासूबाईच भरवायच्या. तो हात पुढं करून रडायचा आणि मी मोरीत उभी राहून घासणीनं बोटं घासायचे. सात-आठ दिवसांत बोटांच्या पेरांवरची कातडी निघाली.

आपांच्या ते चहाचा कप देताना लक्षात आलं. त्यांनी कप बाजूला ठेवून माझे दोन्ही हात उलटेपालटे केले.

"काहून वं? सालं काहून काढली हाताची?"

"चौदा मीच होय न, आपा?"

त्यांचा चेहरा पडला. "नाही वं माय. तू नऊ. नऊवर काईच नव्हतं. अल्ला, मी तुले विचारलं बी नाही." त्यांनी माझ्या हातांना मलम लावलं. कोण ते सांगितलं नाही. पण मला कळायचं ते कळलं. कारण रोज दुपारी तीन वाजता वॉर्डातल्या रेखा सिस्टर आमच्याकडे चहाला येऊ लागल्या होत्या.

रेखाताई त्या वॉर्डातल्या सर्वांत जुन्या आणि हातानं सर्वांत हलक्या सिस्टर. हातभर लेकराला सुई टोचावी ती त्यांनीच. त्यांच्या बोटात नवऱ्याची शेवटची खूण म्हणून एक अंगठी होती, ती वर्षानुवर्षं निघालेली नव्हती. आपांनी पहिल्या दिवशी चहा होण्याआधी त्यांचं बोट साबणाच्या पाण्यात बुडवलं, वर सुताचा दोरा घट्ट गुंडाळला आणि एक-एक फेरा उलगडत अंगठी पुढं सरकवली. रेखाताई रडत होत्या. आपा म्हणत होत्या, "आता सगळ्यायच्याच काढून राहिलो, बाई." मग ब्रशनं नखं, मग औषधी द्रावण, मग कापसाची काडी. "सगळ्यायचेच नमुने घेऊन राहिलो." रोज एक. रोज दुसऱ्या दिवशी आपा ती प्लेट एकट्या बघत. पहिले तीन दिवस त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. चौथ्या दिवसापासून प्लेटवर गुलाबी काही आलं नाही, तरी त्यांनी तीन आठवडे रोज नमुना घेतला.

याच दिवसांत, सिंक काढल्याला आठवडाही झाला नव्हता, तोच तिसरं बाळ आजारी पडलं. सकाळी दूध ओढेना, अंग गार. त्याचं रक्त आलं, आपांनी बाटली मशीनमध्ये ठेवली आणि स्टूल ओढून समोर बसल्या. त्या लेकराला रोज हाताळणाऱ्या रेखाताईच होत्या. आपांनी त्यांना कामावरून दूर केलं नव्हतं, नाव सांगितलं नव्हतं, प्लेट उकळून टाकली होती. आता ते सगळं त्या बाटलीत होतं.

दुपार सरली. कूलरचं पाणी संपलं तरी त्या उठल्या नाहीत. मी म्हटलं, घरी जा, मी बघते. त्यांनी ऐकलंच नसावं. मधूनच ओठ हलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मशीन वाजलं. आपांनी बाटली माझ्यापुढं सरकवली. मी थेंब काढला, पट्टीवर पसरला, रंगवला, धुतला. आपा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चाक पुढंमागं फिरवत राहिल्या.

"आपा?"

"जांभळे. घोस." त्यांनी चष्मा काढला. "हे दुसरे लोक होय. हे औषधानं मरतात."

त्यांनी वॉर्डात फोन केला, औषधाचं नाव सांगितलं आणि जवळच्या स्टोअररूममध्ये खोक्यांच्या मध्ये ओढणी अंथरून नमाज पढल्या. ते बाळ वाचलं.

दोन वर्षांनी आपा निवृत्त होऊन अमरावतीला मुलीकडे राहायला गेल्या. त्यानंतर एकदाच भेट झाली. रेखाताईंनीच मला म्हटलं, "मले आपांकडे घेऊन चाल. एक विचारायचं हाये." रविवारी आम्ही दोघी अमरावतीच्या बसमध्ये बसलो.

आपांनी शीरखुर्मा केला होता. वाट्या तशाच राहिल्या. रेखाताईंनी सरळ विचारलं, "आपा, रोज फक्त माझाच नमुना घ्यायच्या तुमी. बाकी कोणाचा नाही. मी तवाच समजली होती. माझ्या हातानं गेली का ती लेकरं?"

आपांनी टाळलं नाही. "तुह्या हातावर होता. सिंकमंधी बी होता. सिंकातून तुह्या हातावर आला का हातावरून सिंकात गेला, हे मले आजही सांगता येत नाही. कोणाले सांगता आलं नसतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"खाली माणसं उभी होती, रेखा. त्यायले सिंक नको होतं, त्यायले माणूस पाह्यजे होता."

रेखाताईंनी आपल्या रिकाम्या बोटावर अंगठा फिरवला. मग उठल्या, आपांना वाकून नमस्कार करायला गेल्या. आपांनी त्यांना वरच्यावर धरलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या.

निघताना रेखाताई पुढं जाऊन ऑटोत बसल्या. आपांनी फाटकाशी माझं मनगट पकडलं. त्यांचा हात गार होता.

"पयल्या लेकराची बाटली शनिवारी दुपारीच वाजली होती," त्या म्हणाल्या. "तू गावाले गेलती. मशीन वाजलं का वॉर्डात फोन करायचा असते. मी केला नाही. मले वाटलं, रक्त घेताना बाहेरचं काई मिसळलं असंन. भाच्याचं लग्न होतं, गाडी उभी होती. प्लेट लावली अन् निघून गेली. फोन केला असता त शेजारचं लेकरू शनिवारीच हलवलं असतं. ते रवारी आजारी पडलं." त्यांनी ऑटोकडे पाहिलं. "तिचं नाव मी कोणत्या तोंडानं सांगू वं?"

ऑटोवाल्यानं हॉर्न दिला. आपांनी मनगट सोडलं, ओढणी सारखी केली आणि हात वर करून रेखाताईंना निरोप दिला. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं, उन्हात, फाटकाच्या गजाला धरून, हात वर केलेला.

ऑटो वळल्यावर रेखाताईंनी विचारलं, "काय म्हणून राह्यल्या होत्या आपा?"

"काही नाही," मी म्हटलं. "पुन्हा या म्हणत होत्या."